फी परत, दाखला परत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या टपालात प्रवेश रद्द करण्याबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त होती, म्हणून जागाही त्यांनाच जास्त दिली आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातले विद्यार्थी आणि देशभर लागू असलेले नियम समोर ठेवून लिहिली आहेत.

मुलीने बी.एस्सी.ला एका खासगी कॉलेजात प्रवेश घेतला. ६२ हजार रुपये भरले, त्यात २ हजार अनामत. नंतर दुसऱ्या विद्यापीठात हव्या त्या विषयाला नंबर लागला. कॉलेज म्हणतं, तुमची जागा रिकामी राहिली, फी मिळणार नाही. पावतीच्या मागेही 'भरलेले शुल्क परत मिळणार नाही' असं छापलं आहे. — एक पालक, लातूर

पावतीच्या पाठीवरच्या त्या ओळीला घाबरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परताव्याबद्दल आणि मूळ कागदपत्रं अडकवून न ठेवण्याबद्दल अधिसूचना काढली. विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संलग्न कॉलेजं या सगळ्यांसाठी ती आहे. त्या हिशोबात जागा भरली की रिकामी राहिली, याला काही स्थान नाही. बघायची ती फक्त तारीख.

प्रवेशाची जाहीर झालेली शेवटची तारीख मध्ये धरा. तिच्या आधी १५ दिवस किंवा त्याहून जास्त अवधी असताना अर्ज दिला, तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून भरलेल्या फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण ५,००० रुपयांच्या वर नाही, एवढीच कपात. १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काही नाही. अनामत या टक्केवारीत धरायची नसते, ती पूर्ण परत करायची असते. कॉलेजं नेमकी इथेच चूक करतात, कधी नकळत, कधी कळून.

तुमच्या आकड्यांवर हिशोब मांडतो. ६२ हजारांतून अनामतीचे २ हजार बाजूला काढले की फी उरते ६० हजार. वीस दिवस आधी अर्ज दिला असेल तर ५ टक्के म्हणजे ३,००० कापून ५७ हजार, अधिक अनामत २ हजार, एकूण ५९ हजार. दहा दिवस आधी दिला असेल तर ५४ अधिक २, म्हणजे ५६ हजार. तारखेनंतर दहाव्या दिवशी ५० हजार, विसाव्या दिवशी ३२ हजार. महिना उलटून गेला असेल तर फक्त अनामत. फी मोठी असली की एका दिवसाचा फरक चांगलाच जाणवतो : दीड लाख फी असेल, तर पंधराव्या दिवशी अर्ज देणाऱ्याला किमान १ लाख ४५ हजार मिळतात आणि चौदाव्या दिवशी देणाऱ्याला १ लाख ३५ हजार.

या कायमच्या तक्त्याशिवाय आयोग अनेकदा त्या त्या वर्षापुरती जास्त सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी, असा आदेश होता. २०२३-२४ मध्येही हेच दोन टप्पे होते. २०२२-२३ मध्ये मुदत आणखी लांब होती : ३१ ऑक्टोबर आणि ३१ डिसेंबर. म्हणून अर्ज लिहिण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचं परिपत्रक शोधा. ते सापडलं तर अर्जात त्याचा क्रमांक आणि तारीख घाला आणि प्रत जोडा. २०१८ ची अधिसूचना त्याच्या खाली दुसरा आधार म्हणून राहू द्या.

आता अर्जाबद्दल. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा नियम नसल्यामुळे नाही, तर अर्जाची तारीख सिद्ध करता न आल्यामुळे. पालक खिडकीवर जाऊन तोंडी सांगतात, 'सर आज नाहीत, सोमवारी या' ऐकून परततात, आणि असे तीन सोमवार गेले की ९० टक्क्यांचे ८० झालेले असतात. अर्ज पहिल्याच दिवशी लेखी द्या. विषयात 'प्रवेश रद्द करणे व शुल्क परतावा' असं स्पष्ट लिहा. पावती क्रमांक, भरलेली रक्कम, अनामत वेगळी, मागणीची रक्कम वेगळी, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड घाला. दुसऱ्या प्रतीवर बारनिशीचा (आवक-जावक विभागाचा) शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज त्याच दिवशी प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनेही टाका. (रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे 'रजिस्टर ए.डी. करा' हा जुना सल्ला आता या रूपात पाळायचा.) लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करणं संस्थेवर बंधनकारक आहे.

आणखी एक. 'प्रवेशाची शेवटची तारीख' कोणती, यावरून वाद होतात. विद्यापीठाने मुदतवाढ दिली असेल तर वाढीव तारखेवर दावा करा आणि त्या सूचनेचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. संकेतस्थळावरच्या सूचना हंगाम संपला की उतरतात.

इंजिनिअरिंगला कॅप राऊंडमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतला आणि मग सोडला. वरचाच नियम मला लागू होतो का? — एक विद्यार्थी, अहिल्यानगर

नाही. इथे गल्लत करू नका. तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे आणि राज्याच्या प्रवेश नियमांचे निकष लागतात. परिषद दर वर्षीच्या शैक्षणिक वेळापत्रकात 'पूर्ण परताव्यासह प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख' जाहीर करते. त्या तारखेपर्यंत १,००० रुपयांपर्यंतची कपात सोडून सगळी फी परत. ती उलटली की चित्र एकदम बदलतं, आणि रिकाम्या राहिलेल्या जागेचा मुद्दा, जो बी.एस्सी.च्या बाबतीत गैरलागू होता, तो इथे मात्र महत्त्वाचा ठरतो. जागा भरली गेली नाही तर अनामत आणि कागदपत्रं यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. टप्प्याटप्प्याने उतरणारी टक्केवारी इथे नाही. एक तारीख, तिच्या अलीकडे किंवा पलीकडे.

कॅपमध्ये एक तांत्रिक पायरी हमखास राहून जाते. प्रवेश रद्द करायचा तो राज्य सीईटी कक्षाच्या पोर्टलवर, स्वतःच्या लॉगिनमधून. तिथे अर्ज भरल्यावर जो छापील नमुना तयार होतो, त्यावर सही करून तो कॉलेजात द्यायचा. नुसतं कॉलेजात पत्र दिलं आणि पोर्टलवर काही केलं नाही, तर नोंदीत तुम्ही अजून प्रवेशितच असता. उलट, पोर्टलवर रद्द करून छापील प्रत द्यायची राहिली की कॉलेज म्हणतं, आमच्याकडे काही आलंच नाही. दोन्ही एकाच दिवशी करा.

कॉलेजने दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि एलसी ठेवून घेतली आहे. प्रवेश रद्द करायचा तर 'तिन्ही वर्षांची फी भरा, मग कागद न्या' म्हणतात. — नाव न देण्याची विनंती, सोलापूर

एवढ्या उघडपणे हे मागितलं जातं याचं आता नवल वाटेनासं झालं आहे. २०१८ च्या त्याच अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रं प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यासमोर तपासायची, लगेच परत द्यायची आणि साक्षांकित प्रती ठेवायच्या. फीसुद्धा ज्या सत्राचं किंवा वर्षाचं शिक्षण घ्यायचं आहे तेवढीच आगाऊ घेता येते. तिन्ही वर्षांची मागणी दोन्ही बाजूंनी नियमाबाहेर आहे. जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला पुढे करायचाच नाही त्याच्या फीसाठी कागदपत्रं अडवून धरणं, ही तर आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांच्या व्याख्येत नावानिशी आलेली तक्रार आहे.

फरक एवढाच लक्षात ठेवा : ज्या वर्षी तुम्ही वर्गात बसलात, परीक्षा दिली, त्या वर्षाची थकबाकी हा वेगळा विषय. ती बाकी असेल तर ती मान्य करून, हप्ते मागून, न शिकलेल्या वर्षांची मागणी मात्र लेखी नाकारा. दोन्हींची सरमिसळ केली की तुमची बाजू उगाच कमजोर दिसते.

पुढच्या वेळी मूळ कागद देण्याची वेळ आलीच, तर कागदाचं नाव, क्रमांक आणि 'मूळ प्रत स्वीकारली' असं लिहिलेली पोच घ्या. पोच नसेल तर 'तुम्ही दिलेच नव्हते' हे ऐकण्याची तयारी ठेवा.

तक्रार नेमकी कुठे करायची? प्राचार्य विद्यापीठाकडे पाठवतात, विद्यापीठ कॉलेजकडे. मधल्या मध्ये आम्ही फिरतोय. — चार विद्यार्थिनी, नाशिक

यासाठी ठरलेली वाट आहे, आणि ती पायरीपायरीने चढली तरच उपयोग होतो. आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारण नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी प्रतिनिधी. त्यात किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली असायला हवी. समितीने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तक्रारदाराला द्यायची.

निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. हे पद निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्यासाठी आहे, आणि अपील ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करणं त्यांच्याकडून अपेक्षित आहे. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही हाच लोकपाल.

तुमचं फिरणं बहुधा यामुळे होतंय की अर्ज 'मा. प्राचार्य' किंवा 'मा. कुलगुरू' यांच्या नावाने गेले आहेत. ते सामान्य पत्रव्यवहारात जमा होतात, कुठलीही मुदत सुरू होत नाही. अर्जाच्या डोक्यावर 'अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती' लिहा आणि पहिल्याच ओळीत २०२३ च्या नियमांचा उल्लेख करा. संस्थेचं तक्रारीचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथेही टाका. कॉलेजात समितीच नसेल तर 'समितीच्या सदस्यांची नावं द्यावीत' एवढंच विचारणारं दोन ओळींचं पत्र द्या. उत्तर न येणं हाही पुढे पुरावा होतो.

तक्रार एक पानाची ठेवा. काय घडलं ते तारखांसह, नियम कोणता मोडला, आणि नेमकं काय हवं. 'न्याय मिळावा' असं लिहून समितीच्या हाती काहीच लागत नाही. '५६,००० रुपये अमुक खात्यात जमा करावेत' असं लिहिलं की त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. चौघींची तक्रार एकच असली तरी रक्कम आणि तारखा वेगळ्या असतील तर चार स्वतंत्र अर्ज करा, नाहीतर एकीच्या कागदातल्या त्रुटीवर चारही जणी अडकतात.

आयोगाचं ई-समाधान पोर्टलही वापरा, पण त्याच्याकडून निवाड्याची अपेक्षा ठेवू नका. तिथून तक्रार संस्थेकडे पाठवली जाते आणि तिची नोंद राहते. वरून विचारणा आली की खालची फाइल हलते, हा त्याचा खरा फायदा. आणि गुण वाढवून हवेत अशा तक्रारी लोकपालाकडे नेऊ नका. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला, तरच ते त्यात लक्ष घालतात.

विद्यापीठ किंवा अनुदानित कॉलेजबद्दल कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार हाताशी आहेच : १० रुपये, एक विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवस. कॉलेजने मंजूर फीचा तक्ता दाखवला नाही तर तो विद्यापीठाकडून मागवा.

विद्यार्थी हा ग्राहक असतो की नाही? एक वकील हो म्हणतात, दुसरे नाही. — एक वाचक, पुणे

दोघांकडेही आधार आहे, म्हणून तर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटलं की परीक्षा घेणं हे मंडळाचं वैधानिक काम आहे, सेवा विकणं नव्हे, म्हणून परीक्षार्थी ग्राहक ठरत नाही. २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या आणि २०१२ मध्ये पी. टी. कोशी प्रकरणात सूर तोच राहिला. पण २००९ मध्येच बिहारमधल्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रकरणात चित्र उलटं होतं. संलग्नता आणि दंत परिषदेची मान्यता असल्याचं जाहिरातीत भासवून प्रवेश दिले होते, प्रत्यक्षात दोन्ही नव्हतं, मुलांची वर्षं वाया गेली. तिथे भरपाई कायम झाली.

मग जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने मनू सोळंकी प्रकरणात रेघ ओढली : शिक्षण देणाऱ्या संस्था, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रम, प्रवेशाआधीच्या आणि नंतरच्या बाबी हे सगळं ग्राहक कायद्याबाहेर, कोचिंग क्लास मात्र आत. या निकालाविरुद्धचं अपील त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतलं.

आमचं मत स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त कॉलेजकडून फी परत मिळवायची असेल तर पहिला मार्ग म्हणून ग्राहक आयोग निवडू नका. तुमच्या मूळ तक्रारीला हात लागण्याआधी 'तुम्ही ग्राहक आहात का' यावरच तारखा पडत जातील, आणि तोवर लोकपालाची १५ दिवसांची मुदत निघून गेलेली असेल. मान्यता नसताना ती असल्याचं भासवणारी संस्था, कोचिंग क्लास, खासगी वसतिगृह किंवा पीजी चालवणारा, लॅपटॉपसह अभ्यासक्रम विकून लॅपटॉप न देणारी कंपनी, यांच्याविरुद्ध मात्र तो मार्ग चांगला चालतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, संस्था दिल्लीची असली तरी. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत दाखल शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पाहा. बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात.

स्पर्धा परीक्षेच्या क्लासने 'निवडीची हमी' दिली. दोन महिन्यांत शिक्षक बदलले. उरलेल्या दहा महिन्यांची फी मागितली तर नकार. — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

हमीची जाहिरात जपून ठेवा, शक्यतो तारखेसह. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग संस्थांना निवडीची किंवा गुणांची हमी देणारे खोटे दावे करता येत नाहीत. यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निवडीनंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते, आणि त्याने नेमका कोणता कोर्स, किती काळाचा, पैसे देऊन की फुकट घेतला हेही सांगावं लागतं. पहिल्या क्रमांकाचा मुलगा फक्त मोफत मुलाखत-सरावाला येऊन गेलेला असतो आणि फलकावर तो तीन वर्षांच्या बॅचचा म्हणून झळकतो, त्याला आळा घालण्यासाठी ही अट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात नाही. पैशासाठी १९१५ आणि जिल्हा आयोगच.

फीबद्दल : केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग मार्गदर्शिकेत, मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात १० दिवसांत परत द्यावी, असं आहे. वसतिगृह आणि खानावळ क्लासचीच असेल तर तेही पैसे. ही मार्गदर्शिका राज्यांनी अमलात आणायची आहे, त्यामुळे तिचा उल्लेख आधार म्हणून करा, पण भर द्या तो सेवेतल्या त्रुटीवर. शिक्षक बदलल्याचं वेळापत्रक, न झालेल्या तासांची यादी, ग्रुपवरचे संदेश. 'मन लागत नाही' या कारणापेक्षा '४० पैकी १४ तास झालेच नाहीत' याला किंमत आहे.

ऑनलाइन कोर्सच्या विक्रेत्याने 'नो-कॉस्ट हप्ते' म्हणून मोबाइलवर सह्या घेतल्या. कोर्स सोडला, पण दरमहा ६ हजार कापले जातातच. — एक वाचक, नागपूर

तुम्ही हप्ते भरताय ते कोर्सचे नव्हेत, कर्जाचे. विक्रेत्याने तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीकडून कर्ज काढून पूर्ण रक्कम एकदम उचलली आहे, म्हणूनच तुम्ही सोडल्याचं त्याला सुख-दुःख नाही. इथे सगळ्यांत मोठी चूक म्हणजे रागाने बँकेतलं ऑटो-डेबिट बंद करणं. हप्ता चुकला की दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो; पुढे खऱ्या शैक्षणिक कर्जाला तेच आडवं येतं.

आधी कर्ज देणारी कंपनी कोण, ते शोधा. बँक विवरणपत्रात कपातीपुढे नाव असतं, क्रेडिट अहवालातही दिसतं. तिच्याकडून कर्ज करार आणि 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, मागा. डिजिटल कर्जात हा तक्ता कर्जदाराला देणं रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून बंधनकारक केलं आहे. त्यात विचारमुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत फक्त मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमची मुदत गेली असणार, तरी तक्ताच दिला नव्हता हे सिद्ध झालं तर तो तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा.

मग दोन पत्रं एकाच दिवशी. विक्रेत्याला : कोर्स रद्द, कर्ज तुम्ही बंद करून ना-देय दाखला द्यावा. वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला : कर्ज आहे हे न सांगता संमती घेतली, चौकशी होईपर्यंत वसुली थांबवावी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क. विक्रेत्याविरुद्ध १९१५. 'नो-कॉस्ट' शब्द असलेला संदेश किंवा कॉलची ध्वनिफीत असेल तर दोन्हीकडे जोडा.

फार्मसी कॉलेज मंजूर फीवर 'डेव्हलपमेंट', 'इंडस्ट्री व्हिजिट', 'युनिफॉर्म' अशी २८ हजारांची भर घालतंय. — एक पालक, जळगाव

राज्यातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेज आणि वर्ष निवडलं की मंजूर आकडा दिसतो. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क दोन्ही धरलेलं असतं, तेव्हा 'डेव्हलपमेंट' पुन्हा वेगळं मागणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. गणवेश किंवा वसतिगृह यांसारख्या ऐच्छिक सुविधा वेगळ्या असू शकतात, पण त्या घेतल्या तरच.

प्रत्येक रकमेची स्वतंत्र पावती मागा, आणि पैसे खात्यावरच भरा. रोख आणि पावतीविना मागणी झाली तर ती १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याच्या हद्दीत जाते. तक्रार प्राधिकरणाकडे, मंजूर आकड्याची छापील प्रत जोडून.

मुलीसाठी विचारत असाल तर आणखी एक पाहा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. संस्थास्तरावरचे प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत.

ऑनलाइन एमबीए घ्यायचं आहे. विद्यापीठ खरं आहे हे कसं ओळखायचं? — एक वाचक, ठाणे

तीन ठिकाणी पाहा. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. मग दूरस्थ शिक्षण ब्यूरोच्या यादीत तोच अभ्यासक्रम, तेच सत्र आणि 'ऑनलाइन' हीच पद्धत आहे का. गेल्या वर्षीची मान्यता या वर्षी धरू नका. २०२४ पासून प्रवेशाआधी डीईबी-आयडी (याच ब्यूरोच्या पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. तो तुम्हीच काढा, एजंटला काढू देऊ नका. 'आयडी लागत नाही' म्हणणाऱ्याकडून उठून या. तिसरं, फी विद्यापीठाच्या खात्यात जाते की 'अधिकृत भागीदारा'च्या? पदवीसाठी शिकवणी कंपन्यांशी फ्रँचायझी करायला आयोगाची मनाई आहे.

अंतिम वर्ष पास होऊन आठ महिने झाले, पदवी प्रमाणपत्र नाही. — एक पदवीधर, कोल्हापूर

पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी, असा आयोगाचा २००८ पासूनचा नियम आहे. परीक्षा नियंत्रकांना त्याचा उल्लेख करून पत्र द्या, सोबत विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र मागा आणि डिजिलॉकरमध्ये पदवी आली आहे का पाहा. कित्येकदा कागद पोचण्याआधी ती तिथे दिसते.